उजव्या हाताचं पथ्य

आमच्या सोसायटीत मला अजूनही 'मसाजवाल्या मॅडम' म्हणतात. तीसेक वर्षं फिजिओथेरपी केली, त्यातली निम्म्याहून जास्त एकाच अवयवावर. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायकांचे हात, एवढंच माझं जग. आणि पदरात काय पडलं, तर मसाजवाल्या! परवा लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "मॅडम, जरा माझी कंबर बघता का? तुम्हाला आता काय, वेळच वेळ." वेळ आहे हो, पण म्हणून कंबर? मी म्हटलं, "काका, मी हातवाली. कंबरवाले वाशीला बसतात." बिचारे सातव्या मजल्यापर्यंत विचार करत राहिले, स्वतःचा मजला विसरून.

छातीच्या ऑपरेशनचा हाताशी काय संबंध, असं पुष्कळजण विचारतात, तर ते आधी सांगून टाकते. शरीरात रक्ताच्या नळ्या असतात, तसं दुसरं एक बारीक जाळं असतं पाण्यासारख्या द्रवाचं. काखेतल्या गाठी म्हणजे त्या जाळ्याच्या गाळण्या. कॅन्सर तिथे पोचलाय का हे बघायला, किंवा पोचला असेल तर काढायला, डॉक्टर त्यातल्या काही गाठी काढतात. मग हातातून वर जाणाऱ्या पाण्याची वाट अडते. मोरीची जाळी तुंबली की कसं पाणी बाथरूमभर पसरतं, तसं ते हातात साठतं. कुणाचा हात लगेच सुजतो, कुणाचा कित्येक वर्षांनी, कुणाचा कधीच नाही. कुणाचा सुजेल हे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही, आणि बाईला छळतं ते हेच.

आमचं काम म्हणजे त्या पाण्याला आडवाट दाखवणं. अगदी हलक्या हाताने कातडी सरकवायची, मग पट्ट्यांचे थर बांधायचे, सूज उतरली की घट्ट बाही घालायला द्यायची आणि व्यायाम करून घ्यायचा. तो हात इतका हलका चालतो की एक बाई वैतागून म्हणाली होती, "अहो, तुम्ही मला चोळताय की माझी समजूत काढताय?" खरं सांगायचं तर दोन्ही.

कारण हाताबरोबर बाईही यायची. लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं, किमो झाली, केस परत आले, की पिक्चर संपला. "बरी झालीस ना? मग आता कसलं टेन्शन?" हे वाक्य मी माझ्या टेबलावर पडलेल्या इतक्या जणींकडून ऐकलंय की म्हणणारा भेटला तर त्याला दोन तास उभा करून ऐकवेन. पुढची कितीतरी वर्षं गोळ्या असतात, त्यांनी सांधे धरतात, हाडं ठिसूळ होतात. बोटांना मुंग्या. ऐन बोलताना साधा शब्द आठवत नाही. दर तपासणीच्या आधी आठवडाभर झोप उडते. आणि हे कुणाला सांगायची सोय नाही, कारण तुम्ही तर बऱ्या झालात! 

महापेच्या एका आयटी कंपनीतली मुलगी यायची, पस्तिशीची. घट्ट बाही लपवायला भर मे महिन्यात फुल शर्ट. ऑफिसात तिने सांगून टाकलं होतं की बॅडमिंटन खेळताना हात दुखावला. झालं, वाढदिवसाला सगळ्यांनी मिळून तिला काय द्यावं? रॅकेट! मला दाखवायला ती रॅकेट घेऊन आली. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो आणि हसता हसता ती रडायला लागली. म्हणाली, "मॅडम, मला ना, आधीची मी परत हवीय. ती कंटाळवाणी होती हो. रविवारी बारापर्यंत लोळायची. पण मला तीच हवीय." मी पट्टी बांधत राहिले. माझ्याकडे हाताची आडवाट होती, त्या आधीच्या बाईकडे जायची नव्हती.

हे सगळं खरं तर मी गुलाबबाईंबद्दल लिहायचं म्हणून सुरू केलं. नवी मुंबईत खाडीकाठच्या करावे गावच्या गुलाबबाई. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी आल्या, त्यामुळे माझ्या डोक्यातून जात नाहीत.

त्यांना सून घेऊन आली, प्रणाली तिचं नाव. बँकेत नोकरीला, बोलायला चटपटीत. "मॅडम, आईंचं ऑपरेशन होऊन दहा-अकरा वर्षं झाली. सगळं क्लिअर आहे. पण आता हात सुजल्यासारखा वाटतो आणि खांदा वर जातच नाही." गुलाबबाई साठीच्या, काळ्यासावळ्या, ताठ कण्याच्या. केसात अबोलीचा गजरा. आणि उजवा हात पदराखाली, पोटाशी धरलेला. तान्हं मूल झोपवलं असावं ना, तसा.

मी टेपने दोन्ही हात मोजले. सूज होती, पण थोडी. खरं दुखणं वेगळंच होतं. दंडात ताकद म्हणून नव्हती. खांदा आखडून लाकूड झालेला. माझं बोट दाबायला सांगितलं, तर त्यांनी नुसतं धरलं.

"गुलाबबाई, या हाताने काय काय काम करता?"

"जेवते."

"आणि?"

"आनी काय? कायच नाय. सिस्टरनी सांगलाय ना, वजन उचलू नको."

"कुठल्या सिस्टरनी? कधी?"

"आपरेशन झाला तवा. घरी सोडला तवा."

मला क्षणभर कळेचना. मग लक्षात आलं. ऑपरेशननंतर टाके ओले असतात, म्हणून काही आठवडे वजन उचलू नका असं सगळ्यांनाच सांगतात. गुलाबबाईंनाही सांगितलं. किती दिवस, हे सांगायचं राहिलं असेल किंवा यांनी ऐकलं नसेल. पण 'आता उचला' असं कोणीच कधी म्हटलं नाही. तपासणीला डॉक्टर छाती बघायचे, रिपोर्ट बघायचे, छान म्हणायचे. हाताबद्दल कोण बोलणार? आणि गुलाबबाईंनी ते पथ्य म्हणून धरलं. आपल्याकडे पथ्य म्हणजे काय ते सांगायला नको. सांगणाऱ्याने सोडवलं तरच सुटतं. मधेच मोडलं आणि दुखणं उलटलं, तर दोष आपल्याच माथी.

भाकरी थापणं बंद. पाण्याची कळशी बंद. नातवाला कडेवर घेणं बंद. बसल्या जागी त्याला मांडीवर टाकायचं. कोणी घरी आलं तर पाणीसुद्धा सून द्यायची, कारण भरला तांब्या उजव्या हाताने उचलायचा नाही आणि पाहुण्याला डाव्या हाताने पाणी द्यायची लाज. "लोकांना वाटते, म्हातारीला माज आलाय," त्या म्हणाल्या.

आणि खाडी बंद. लग्न होऊन आल्यापासून त्या ओहोटीला चिखलात उतरायच्या, शिवल्या काढायला. शिवल्या म्हणजे खाडीतले शिंपले, आतल्या मांसाचं आमच्याकडे सुकं करतात. चिखलात हात कोपरापर्यंत घालायचा आणि बोटांनी चाचपायचं. "डोल्यांनी नाय दिसत गो बाय, बोटांनाच दिसते," त्या म्हणाल्या. पाटी भरली की डोक्यावर, आणि सीवूड्सच्या बिल्डिंगांमध्ये दारोदार. आता त्या रोज ओहोटीला जेट्टीवर जाऊन बसायच्या. नुसत्या. मी विचारलं, "बघवतं का?" तर म्हणाल्या, "नाय बघवत. पन घरी बसवते काय?"

मी लगेच माझ्या पद्धतीने समजवायला लागले. म्हटलं, आता जुना समज बदललाय, हळूहळू वजन वाढवत नेलं तर हात उलट बळकट होतो, आपण अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या बाटलीपासून सुरू करू. गुलाबबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बाटली टेबलावर परत ठेवली. डाव्या हाताने.

"बाय, तू चांगली हास. पन तू कोन? तू नवतीस तवा."

मी ऑपरेशन केलेल्या सर्जनना फोन लावला. तेही भले माणूस, स्पीकरवर मोठ्यांदा म्हणाले, "आजी, बिनधास्त उचला!" गुलाबबाई फोनला हात जोडून बसल्या होत्या. फोन ठेवल्यावर मला म्हणतात, "त्ये बोलतील. सांगला तवा त्येबी नवते. सरोज सिस्टरनी सांगलाय, त्यांनीच सोडवाला पायजे."

प्रणाली कपाळाला हात लावून बसली. "आई, प्लीज! आपण काय कोर्टात आहोत का?"

मलाही राग आला, नाही असं नाही. पण रिक्षात बसल्यावर डोकं थंड झालं. या बाईने एक शब्द इतकी वर्षं पाळला होता. मी सांगितलेले व्यायाम लोक दुसऱ्या आठवड्यात सोडतात. हिची तर पूजा करायला हवी, भांडतेस काय?

तर सरोज सिस्टरचा शोध. नर्स बायकांचं जाळं पोलिसांपेक्षा पक्कं. दोन-चार फोनमध्ये कळलं की त्या रिटायर होऊन सानपाड्यात राहतात. म्हणजे माझ्याच इथे, मागच्या गल्लीत! एकाच भाजीवाल्याकडे आम्ही कोथिंबिरीवरून घासाघीस करत असणार आणि पत्ता नाही.

सिस्टर कोकणातल्या, चिपळूणकडच्या. दार उघडलं तेव्हा हातात विणकामाच्या सुया. मी सगळं सांगितलं. त्यांनी गुलाबबाईंचं नाव दोनदा तोंडात घोळवलं आणि मान हलवली. "नाय ओ आठवत. रोज कितीतरी जणींना घरी सोडायचो आम्ही. सगळ्यांना तेच सांगायचे मी. हात जपा, वजन उचलू नका." मग सुया खाली ठेवल्या. "पण ती अजून..? अजून उचलत नाय?"

"नाही."

मी म्हटलं, व्हिडिओ कॉल करू, दोन मिनिटांचं काम आहे. त्या उठल्याच. "फोनवर काय सोडवता? चला, मी साडी बदलून येते."

रिक्षात मी त्यांना म्हटलं, "सिस्टर, ओळख दाखवा हं. तिच्या मनात तुमचं फार मोठं स्थान आहे." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. म्हणाल्या, "वॉर्डात पण मी खोटं बोलले नाय कधी. आता कशाला बोलू?"

गुलाबबाई ओट्यावर बसल्या होत्या. सिस्टरना बघितल्याबरोबर उठून उभ्या राहिल्या, पदर सारखा केला. "ह्याच! ह्याच त्या! मना वळखलास का, सिस्टर?"

सिस्टर म्हणाल्या, "नाय मावशी. नाय ओळखलं. खूप बायका होत्या ओ."

गुलाबबाईंचा चेहरा पडला. मी बघितला पडताना. ज्या बाईचा शब्द इतकी वर्षं उशाशी घेऊन झोपलो, तिच्या लेखी आपण कोणीच नाही! पण मग त्यांनी सिस्टरचा हात धरला आणि बाजूला बसवलं. "असू दे. किती जनींना वळखाल? मी वळखलाय ना."

सिस्टरनी त्यांचा उजवा हात पदराखालून बाहेर काढला. दंड दाबून बघितला, मनगट बघितलं, बोटं उघडून मिटून बघितली. मी एवढ्या वर्षांत हात पुष्कळ हाताळले, पण त्या क्षणी मी बाजूला झाले. मग सिस्टरनी अचानक वॉर्डातला आवाज काढला. तो आवाज ऐकला की पेशंटच काय, नातेवाईकसुद्धा सरळ उभे राहतात.

"मावशी, उन्हातून आलेय मी. पाणी नाय विचारलंत?"

प्रणाली आत पळाली. "तू नको ग पोरी. मावशींच्या हातचं पाहिजे मला. ह्या हातचं. भरून आणा तांब्या."

गुलाबबाई जागच्या हलेनात. "उचलू?"

"मी सांगितलेलं ना उचलू नका? आता मीच सांगते, उचला. सुटलं तुमचं पथ्य. माझ्याकडून सांगायचं राहिलं ओ, मावशी. फार राहिलं."

गुलाबबाई आत गेल्या. बराच वेळ लागला. नळाचा आवाज आला, बंद झाला. मग बाहेर आल्या त्या तांब्या उजव्या हाताने धरून. डावा हात आधाराला पुढे यायचा, की त्या परत मागे न्यायच्या. निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं होतं. सिस्टर उरलेलं सगळं एका दमात प्यायल्या आणि त्यांनी रिकामा तांब्या पुढे केला. "आणखी आणा." त्या दिवशी बाई तीन तांबे पाणी प्यायली. घरी जाताना रिक्षा मधे थांबवावी लागली, ते सोडून द्या.

त्यानंतर माझं काम सुरू झालं. अर्धी बाटली, मग भरलेली बाटली, मग पीठ मळणं. खांद्यासाठी भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम. गुलाबबाईंसारखी पेशंट मला दुसरी मिळाली नाही. सांगितलं तेवढंच, एक घास कमी नाही की जास्त नाही. आणि दर वेळी उठताना एकच प्रश्न: "बाय, खाडीत कवा?"

आणि मी दर वेळी नाही म्हणायचे. मी काही उगाच खडूस नाही. गाठी काढलेल्या हाताला जखम झाली तर साधा ओरखडासुद्धा चिघळतो, ताप भरतो, हात लालभडक होऊन सुजतो, मग कायमचा जड. आणि खाडीच्या चिखलात काय कमी धार असते? कालवांचे कपचे, काचा, पत्रे, आपण शहरातून सोडलेलं काय काय. मी म्हणायचे, "भाकऱ्या थापा, नातवाला घ्या, कळशी उचला. पण तो चिखल नको." त्या मान हलवायच्या. हट्ट नाही, वाद नाही. एकदा फक्त म्हणाल्या, "सिस्टरनी सोडला, आनी तू बांधतेस."

हे मला फार लागलं. घरी येऊन जेवण गेलं नाही. मी त्यांना त्यांचा हात परत दिला होता, पण कशासाठी? भाकऱ्या थापायला? त्यांना जिवंत ठेवायला एवढ्या जणांनी एवढी खटपट केली, ती जेट्टीवर बसून बघायला? त्या आयटीवाल्या मुलीला मी काही देऊ शकले नव्हते. इथे निदान विचारणाऱ्या बाईला काय पाहिजे ते मला ठाऊक होतं, आणि ते चालत जायच्या अंतरावर होतं.

मी रिटायर झाल्यावर पहिल्याच महिन्यात प्रणालीला फोन केला. अटी घातल्या. कोपराच्या वर येणारे जाड रबरी हातमोजे. मऊ चिखलातच, कालवांच्या खडकाकडे जायचं नाही. आल्यावर साबणाने हात धुवून मी बोट न् बोट तपासणार. आणि मी बरोबर येणार. मागून गुलाबबाईंचा आवाज आला, "बायला सांग, साडी जुनी नेसून ये."

पुढचं सांगण्याआधी हे सांगून टाकते की त्या हाताला काही झालं नाही. नाहीतर माझ्या फिजिओ मैत्रिणी हे वाचून मला फैलावर घेतील. हात आजही ठणठणीत आहे.

सकाळची ओहोटी होती. तिवरं पूर्वीपेक्षा पुढे सरकली होती म्हणे, गुलाबबाईंना त्यांची जागा पटकन सापडेना. त्या कमरेला पदर खोचून चालत होत्या आणि मी त्यांच्या मागे घोट्यापर्यंत रुतत, चपला हातात घेऊन, देवाचं नाव घेत. एका ठिकाणी त्या थांबल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "हीच," म्हणाल्या, आणि बसल्या.

हातमोजा घातलेला हात चिखलात गेला. मनगट, मग कोपर. मी बाजूला उभी. त्या चाचपत होत्या. बराच वेळ. हात बाहेर आला, रिकामा. परत आत. परत रिकामा. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ते डोळे मी विसरणार नाही.

"कायच कलत नाय गो. रबर लागते नुसता."

आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी हातमोजा ओढून काढला, माझ्या हातात दिला आणि उघडा हात, मी इतके महिने जपलेला, मोजलेला तो हात, खांद्यापर्यंत वाकून चिखलात घातला.

मी ओरडणारच होते. तोंड उघडलंही होतं. पण त्यांचे डोळे मिटले होते.

"गुलाबबाई," मी म्हटलं, "लागतंय का काही?"

"थांब गो बाय."

"शिवली आहे का?"

"शिवली नाय." त्या हसल्या, आणि डोळ्यांतून पाणी गालावर उतरलं. पुसायला हात नव्हता, एक चिखलात आणि दुसरा चिखलावर टेकलेला. "शिवली कोनाला पायजे? माजा हात घरी आलाय. राहू दे जरा आत."

मी चिखल तुडवत त्यांच्यापाशी गेले आणि माझ्या पदराने त्यांचे गाल पुसले.